तिकीट कुणाच्या हातात?

परदेशी असलेल्या मुलांकडे निघालेले आई-वडील प्रवासापूर्वी एकदा दवाखान्यात डोकावून जातात. रक्तदाब तपासून घ्यायचा असतो, चार-सहा महिन्यांची औषधे एकदम लिहून हवी असतात, विमानात पाय सुजले तर काय करावे हे विचारायचे असते. त्यांच्या प्रश्नांची उत्तरे देऊन झाली की मी माझ्या वतीने एक प्रश्न विचारतो : तिकीट कुणाकडे आहे? ‘मुलानं काढलंय, फोनवर पाठवलंय,’ हे उत्तर ठरलेले. विमान कोणत्या तारखेस, कोणत्या टर्मिनलवरून, मध्ये कुठे बदलायचे, व्हीलचेअर सांगितली आहे काय, असे पुढचे प्रश्न आले की यजमान पत्नीकडे पाहतात आणि पत्नी यजमानांकडे.

डॉक्टरने तिकिटाची चौकशी का करावी, असे आपणास वाटेल. परंतु वृद्धांना लांबच्या विमानप्रवासात जे त्रास होतात, त्यांतील पुष्कळसे त्रास विमान आकाशात जाण्यापूर्वीच सुरू झालेले असतात. जेवणाची वेळ चुकते आणि मधुमेहाच्या गोळीने साखर उतरते. पुढे काय होणार हे ठाऊक नसल्याने जीव धास्तावतो, नाडी वाढते. झोप मोडलेली, जागा अनोळखी आणि भाषा परकी, अशा स्थितीत एरवी शहाणासुरता माणूसही गोंधळून जातो. या साऱ्याच्या मुळाशी अनेकदा एवढीच गोष्ट असते की प्रवास ज्याचा आहे, त्याच्या हातात त्या प्रवासाचा कागद नसतो.

म्हणून आज आपण मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावरून एक फेरी मारू. अजूनही ज्याला जुनी मंडळी ‘सहार’ म्हणतात, त्याच्या प्रवेशद्वारापासून विमानाच्या दारापर्यंत जाऊ, आणि या वाटेवर कागद कुठे उपयोगी पडतो व फोन कुठे, ते पाहू.

लाल कार्बनची पुस्तिका

ज्यांनी १९८० किंवा ९० च्या दशकात विमानप्रवास केला असेल, त्यांना जुने तिकीट आठवत असेल. लांबट, अरुंद पुस्तिका. आतील पातळ पानांच्या पाठीला लाल कार्बन. वरच्या पानावर उमटलेली अक्षरे खालच्या प्रत्येक पानावर उतरत. विमानाच्या प्रत्येक टप्प्यासाठी एक पान असे आणि काउंटरवरचा कर्मचारी ते फाडून घेई. शेवटचे पान प्रवाशाकडे राही. ते पान कित्येक घरांच्या कपाटांत, पासपोर्टच्या जुन्या पुस्तिकेत, आजही सापडेल.

त्या तिकिटाचा धीर मोठा होता, पण धाकही तितकाच होता. पुस्तिका हरवली तर नावाची नोंद असूनही प्रवासी अडकून पडे. अर्ज, हमीपत्र, शुल्क, आणि कधी कधी नवे तिकीट. परतीच्या प्रवासापूर्वी ७२ तास आधी विमान कंपनीला फोन करून ‘आम्ही येत आहोत’ असे कळवावे लागे. परदेशात राहिलेल्या आईला ते तिकीट सांभाळण्याचीच काळजी अधिक असे. म्हणून ते दागिन्यांच्या डब्यात जाई.

आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेने, म्हणजे आयाटाने, १ जून २००८ पासून कागदी तिकिटांचा व्यवहार थांबवला. एका कागदी तिकिटामागे सुमारे दहा डॉलर खर्च येतो आणि इलेक्ट्रॉनिक तिकिटाला एक डॉलर, असा तिचा हिशेब होता. कंपन्यांचा खर्च वाचला हे खरेच. पण प्रवाशाचाही एक मोठा लाभ झाला. आजचे तिकीट हरवू शकत नाही. चोरीला जात नाही, भिजत नाही, घरी राहत नाही. वृद्ध प्रवाशाच्या मनावरचे एक ओझे त्या दिवसापासून उतरले. त्या लाल कार्बनची आठवण जरूर काढावी. त्याच्यासाठी हळहळू नये.

आजचे तिकीट असते कुठे?

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. आज आपले तिकीट फोनमध्येही नसते आणि प्रिंटमध्येही नसते. ते विमान कंपनीच्या संगणकातील नोंद असते. फोनवर आलेली किंवा घरी छापलेली प्रत ही त्या नोंदीची पावती होय. तिच्यावर तेरा अंकी तिकीट क्रमांक असतो आणि सहा अक्षर-अंकांचा पीएनआर असतो. हे सहा अक्षर-अंक आणि प्रवाशाचे आडनाव यांच्या साहाय्याने ती नोंद उघडते.

यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की छापील प्रत फाटली वा विसरली तरी घाबरण्याचे कारण नाही. पासपोर्टवरून नोंद सापडते. दुसरा निष्कर्ष याच्या उलट बाजूचा आहे. नोंदीत बदल झाला तर कागद आपोआप बदलत नाही. विमानाची वेळ पुढे-मागे झाल्याचा संदेश, ज्याने तिकीट काढले त्याच्या फोनवर जातो. मुलगा न्यू जर्सीत झोपलेला असतो आणि सातारला आई-वडील महिन्यापूर्वीच्या प्रिंटवर विसंबून सामान बांधत असतात. म्हणून तिकीट काढतानाच संपर्कासाठी आई-वडिलांचा किंवा जवळच्या एखाद्या नातेवाइकाचा क्रमांकही द्यावा. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी वेळ पुन्हा पडताळून नवी प्रत काढावी. त्या प्रतीवर छापल्याची तारीख पेनाने लिहावी. जुनी प्रत फाडून टाकावी, म्हणजे दोन कागदांत दोन वेळा असा घोळ होत नाही.

तारखेचीही एक खोच आहे. मुंबईहून परदेशी जाणारी अनेक विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर ‘१५ तारीख, ००.४५’ असे लिहिलेले असते. याचा अर्थ घर १४ तारखेला सोडायचे! पंधरा तारखेची रात्र समजून बसलेला माणूस चोवीस तास उशिरा विमानतळावर पोहोचतो. तिकिटाच्या प्रिंटवर मराठीत, ठळक अक्षरांत लिहून ठेवा : ‘१४ तारखेला दुपारी दोन वाजता घरातून निघणे. रात्री साडेआठपर्यंत विमानतळावर.’ विमानतळाचे आणि टर्मिनलचे नावही लिहा. मुंबईच्या विमानतळाची दोन टर्मिनल एकमेकांपासून दूर आहेत, आणि आता नवी मुंबईचा विमानतळही आहे. ड्रायव्हरने ‘कुठल्या विमानतळावर?’ असे वाटेत विचारले, तर उत्तर हातातल्या कागदावर असावे.

दारापाशी

मुंबईचे टर्मिनल २ प्रवाशांसाठी फेब्रुवारी २०१४ मध्ये खुले झाले. प्रस्थानाचा मजला सर्वांत वर आहे. गाडी उताराच्या रस्त्याने वर चढत जाते आणि थेट त्या भव्य छताखाली थांबते. मोराच्या पिसाऱ्यावरून सुचलेल्या आकृती त्या छतात आहेत; वर पसरत जाणारे पांढरे खांब पाहताना मान दुखते, पण डोळे निवतात. सातारहून, सांगलीहून किंवा कोल्हापूरहून पाच-आठ तासांचा रस्ता करून आलेल्या मंडळींना मात्र त्या क्षणी छत दिसत नाही. त्यांना दिसते ते काचेचे दार आणि दारातला जवान.

परदेशातील अनेक विमानतळांवर कुणीही आत शिरू शकतो. आपल्याकडे तसे नाही. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा जवान दारातच तिकीट आणि ओळखपत्र पाहतो, दोन्हीवरचे नाव जुळवतो आणि मगच आत सोडतो. सोडायला आलेल्या मंडळींचा प्रवास येथे संपतो. वाकून नमस्कार होतात, कुणी लाडूंचा डबा पुन्हा एकदा पिशवीत नीट बसवते, नातवंडे हात हलवतात. नेमक्या याच वेळी, भरल्या डोळ्यांनी, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हाताने ट्रॉली धरून, फोनमधला तो संदेश शोधायचा असतो. तो तीन आठवड्यांपूर्वी आलेला असतो आणि त्यावर शुभेच्छांची, फुलांच्या चित्रांची रास साठलेली असते.

छापील प्रत असेल तर हे सारे दोन सेकंदांत उरकते. पासपोर्टमध्ये घडी घालून ठेवलेला कागद काढावा, जवानापुढे धरावा, आणि मग मागे वळून घरच्यांना सावकाश निरोप द्यावा.

देशांतर्गत प्रवासासाठी ‘डिजियात्रा’ ही सोय डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. तीत चेहरा हीच ओळख ठरते आणि दार आपोआप उघडते. पुणे व मुंबई या दोन्ही विमानतळांवर ती आहे. ज्यांना फोन सराईतपणे वापरता येतो त्यांनी तिचा लाभ अवश्य घ्यावा. मात्र ती ऐच्छिक आहे, हे ध्यानात ठेवावे. ‘ॲप नाही तर आत सोडणार नाहीत’ असे कुणी सांगितले तर घाबरू नये. कागद आणि ओळखपत्र दाखवून आत जाण्याची रांग आजही आहे.

डोळे, बोटे आणि कान

वयपरत्वे शरीरात जे बदल होतात, त्यांचा आणि फोनवरील तिकिटाचा फारसा मेळ बसत नाही. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना उजळ प्रकाशात पडद्यावरची करडी, बारीक अक्षरे दिसत नाहीत. चमकच अधिक दिसते. उतारवयात बोटांची त्वचा कोरडी होते आणि पडदा स्पर्श ओळखत नाही. मग माणूस जोरात दाबतो आणि भलतेच काही उघडते. पार्किन्सनचा कंप असलेल्या हाताला, यंत्रासमोर फोन स्थिर धरणे हे कसरतीचे काम आहे. आणि मागे रांग असली की प्रत्येक क्षण दुप्पट लांबतो. अशा वेळी ‘तुम्हाला फोन वापरता येत नाही’ असे कुणी म्हणाले, तर त्यात आपली अवहेलना मानू नका. यंत्र तरुण डोळ्यांसाठी घडवले गेले आहे. दोष आपला नाही.

कानांचे तेच. अनेक विमानतळांनी ध्वनिक्षेपकावरील घोषणा कमी केल्या आहेत. रेल्वे फलाटावर ज्यांचा जन्म गेला, ते घोषणेची वाट पाहत बसतात आणि विमानाचे दार बंद होण्याची वेळ येते. बोर्डिंग पास हातात आला की त्यावरील दाराचा क्रमांक आणि विमानात चढण्याची वेळ यांभोवती पेनाने गोल करावा. दार ऐन वेळी बदलू शकते; म्हणून अर्ध्या-पाऊण तासाने फलकाकडे एकदा पाहावे, किंवा शेजारच्या प्रवाशास विचारावे. येथे कागदापेक्षा फलक खरा मानावा.

बोर्डिंग पासही काउंटरवरून छापूनच घ्यावा. घरबसल्या मुलाने आसन निवडून ठेवले असले तरी हरकत नाही; काउंटरवर छापील पास मागता येतो. तो पातळ पुठ्ठ्याचा तुकडा तपासणीत, दुकानात, विमानाच्या दारात, पुन्हा पुन्हा दाखवावा लागतो. फोनची बॅटरी संपते, हा तुकडा संपत नाही.

सुरक्षा तपासणीत गुडघ्याचा कृत्रिम सांधा यंत्राला जाणवतो आणि यंत्र वाजते. घाबरू नका, शस्त्रक्रिया झाल्याचे शांतपणे सांगा. प्रमाणपत्र असले तरी झडती टळत नाही, पण बोलणे सोपे होते. पेसमेकर असणाऱ्यांनी त्याचे कार्ड हाताशी ठेवावे, हातातील शोधयंत्र छातीवर रेंगाळू देऊ नये आणि हाताने तपासणी करण्याची विनंती करावी.

व्हीलचेअरची नोंद

तपासणीनंतरची वाट लांब आहे. या टर्मिनलमध्ये ‘जय हे’ नावाचे कलादालन आहे. सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या भिंतींवर देशभरातील पाच हजारांहून अधिक कलावस्तू मांडल्या आहेत. जुन्या वाड्यांचे झरोके, दारे, लाकडी मूर्ती, मुखवटे. ज्यांचे पाय चालतात त्यांनी वेळ काढून पाहावे असे ते वैभव आहे. पण ज्यांचे गुडघे झिजले आहेत, ज्यांना दम लागतो किंवा चालताना छातीत भरून येते, त्यांच्यासाठी तीच वाट परीक्षा ठरते. दूरच्या दारापर्यंत दहा-पंधरा मिनिटे चालावे लागू शकते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईस उतरलेल्या ८० वर्षांच्या एका प्रवाशाचा याच विमानतळावर मृत्यू झाला. पती-पत्नी दोघांनीही व्हीलचेअर आधीच नोंदवली होती. खुर्ची एकच आली. पत्नी तीत बसली आणि ते तिच्या बरोबरीने चालत निघाले. इमिग्रेशनच्या जागेपाशी ते कोसळले. दुसरी खुर्ची येईपर्यंत थांबण्यास त्यांना सांगितले होते, असे विमान कंपनीचे म्हणणे होते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपनीस ३० लाख रुपये दंड केला. ही हकिगत भीती घालण्यासाठी सांगत नाही. कंपनीची जबाबदारी होतीच. पण आपल्या हातात जे आहे ते आपण करावे : खुर्ची येईपर्यंत बसून राहावे. जोडीदार पुढे गेला तरी चालेल. आपण दोघे एकाच घरी जाणार आहोत. आणि मागे राहणाऱ्याच्या खिशात त्याचा स्वतःचा कागद असावा, म्हणजे एकटे थांबण्याची भीती वाटत नाही.

व्हीलचेअरची मागणी ही त्या संगणकातील नोंदीतच असावी लागते. तिकीट काढताना, अन्यथा प्रवासाच्या किमान ४८ तास आधी, विमान कंपनीला ती कळवावी. तिचे तीन प्रकार आहेत. जिना चढू शकणारा पण दूर चालू न शकणारा प्रवासी. जिना चढू न शकणारा. आणि आसनापर्यंत उचलून न्यावे लागणारा. प्रिंटवर त्यांच्या खुणा अनुक्रमे डब्ल्यूसीएचआर, डब्ल्यूसीएचएस आणि डब्ल्यूसीएचसी अशा इंग्रजी अक्षरांत दिसतात. आपल्या प्रतीवर यांपैकी एखादी खूण आहे का, ते मुलाकडून पाहून घ्या. विमान मध्ये बदलायचे असेल, विशेषतः दुसऱ्या कंपनीच्या विमानात, तर प्रत्येक टप्प्यासाठी ती नोंद हवी. एका टप्प्यावर खुर्ची आणि दुसऱ्यावर नाही, असे होता कामा नये.

व्हीलचेअरमध्ये बसण्याचा संकोच पुष्कळांना वाटतो, विशेषतः पुरुषांना. घरी रोज देवळापर्यंत चालणारा माणूस खुर्चीत का बसेल! परंतु रात्री दोन वाजता, उपाशीपोटी, ओझ्यासह चालणे आणि सकाळी देवळात जाणे यांत हृदयाच्या दृष्टीने मोठा फरक आहे. उलट, ज्यांची प्रकृती ठणठणीत आहे आणि केवळ वाट दाखवणारे कुणी हवे आहे, त्यांनी ‘मीट अँड असिस्ट’ सेवेची चौकशी करावी. काही कंपन्या ती देतात. त्यामुळे खुर्ची खऱ्या गरजूसाठी मोकळी राहते.

तीन कागद

प्रवासाला निघालेल्या ज्येष्ठांच्या गळ्यात कधी कधी जाडजूड फाइल दिसते. तीत दहा वर्षांचे रिपोर्ट, विम्याची चाळीस पाने, जुन्या व्हिसाची झेरॉक्स, सारे असते. हवा तो कागद तेवढा सापडत नाही. माझा आग्रह तीनच कागदांचा आहे. ते पारदर्शक पाकिटात, पासपोर्टसह, अंगावरच्या छोट्या पिशवीत असावेत. वर सामान ठेवण्याच्या कप्प्यात जाणाऱ्या बॅगेत ते नसावेत.

पहिला कागद तिकिटाचा. जाण्याचा आणि परतीचा, दोन्ही टप्पे एकाच पानावर, मोठ्या ठशात. वरच्या भागात इंग्रजी, अधिकाऱ्यांसाठी. खालच्या भागात तोच मजकूर मराठीत, स्वतःसाठी. कुठे उतरायचे, किती तास थांबायचे, पुढचे विमान कोणते, हे क्रमाने लिहिलेले असावे. पतीची एक प्रत, पत्नीची वेगळी.

दुसरा कागद औषधांचा. तो आपल्या डॉक्टरांकडून इंग्रजीत, त्यांच्या सही-शिक्क्याने घ्यावा. आजारांची नावे, औषधांची मूळ रासायनिक नावे, मात्रा, वेळा आणि ॲलर्जी. आपल्याकडील व्यापारी नावे परदेशात कुणास कळत नाहीत. आपले पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटामिनोफेन या नावाने ओळखले जाते. कागदावरील नाव पासपोर्टप्रमाणेच असावे. इन्शुलिन आणि प्रवासात लागणारी सर्व औषधे हाताशी असलेल्या बॅगेत, मूळ पाकिटांत ठेवावीत. विमानाच्या पोटातील थंडीत इन्शुलिन गोठू शकते, आणि गोठलेले इन्शुलिन निकामी होते. आंतरराष्ट्रीय प्रवासात हाताशी १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटल्या नेता येत नाहीत; आवश्यक औषधांना त्यात सवलत मिळते, मात्र तपासणीच्या वेळी हा कागद दाखवावा लागतो. आणखी एक सूचना : वेळ बदलणाऱ्या देशात इन्शुलिन कधी घ्यावे, हे निघण्यापूर्वी विचारून याच कागदावर लिहून घ्या. आणि जेवण पुढ्यात आल्याशिवाय जेवणाआधीचे इन्शुलिन घेऊ नका.

तिसरा कागद माणसांचा. ज्यांच्याकडे जायचे त्यांचे पूर्ण नाव, पत्ता, दोन फोन क्रमांक, भारतातील एक क्रमांक, विम्याचा क्रमांक. फोनमध्ये सारे क्रमांक असल्याने आज मुलाचा नंबरही कुणाला पाठ नसतो. फोन बंद पडला की माणूस साऱ्या जगापासून तुटतो. हा कागद त्या क्षणासाठी आहे.

याचा अर्थ फोन घरी ठेवावा असा नाही. तिकिटाचे आणि या तिन्ही कागदांचे फोटो फोनमध्ये असावेत, म्हणजे नेट नसतानाही ते उघडतील. पॉवर बँक हाताशी ठेवावी. ती चेक-इनच्या सामानात चालत नाही. मात्र बोर्डिंग पासचा फोटो नातेवाइकांच्या मोठ्या व्हॉट्सॲप समूहावर कौतुकाने टाकू नये. त्यावरील पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर कुणीही आपली नोंद उघडू शकतो.

उतरल्यावर

पंधरा-सोळा तासांच्या प्रवासानंतर शरीर थकलेले असते. मध्ये मध्ये उठून चालणे, पाय हलवत राहणे, पाणी पिणे, हे आपण पूर्वी वाचले असेलच. उतरल्यानंतर पहिल्या अर्ध्या तासात मात्र आपला भारतीय फोन बहुधा मुका असतो. विमानतळाचे वायफाय वापरायचे तर पुष्कळदा फोनवर येणारा सांकेतिक क्रमांक लागतो, आणि तो भारतीय सिमवर पोहोचत नाही. इमिग्रेशनचा अधिकारी विचारतो : कुठे राहणार, किती दिवस राहणार, परत केव्हा जाणार? इंग्रजी येत नसेल तर पहिला आणि तिसरा कागद पुढे करावा. दोन्ही कागद आपल्या वतीने बोलतात. उगाच घाईने, न समजता ‘येस’ म्हणण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

स्मरणशक्ती क्षीण होऊ लागलेल्या व्यक्तीला मात्र कोणत्याही कागदाच्या भरवशावर एकटे पाठवू नये. रात्रीचा प्रवास, झोपेचा भंग आणि अनोळखी गर्दी यांमुळे तिचा गोंधळ एकाएकी वाढू शकतो. तिच्यासोबत माणूसच हवा.

मुला-मुलींना दोन शब्द

तुम्ही प्रेमाने तिकीट काढता, खिडकीचे आसन निवडता, शाकाहारी जेवण सांगता. आई-वडिलांना कशाचाही ताप होऊ नये, हीच इच्छा असते. पण सारे काही आपल्या फोनमध्ये ठेवून ‘तुम्ही फक्त बसा’ असे म्हटले की त्यांच्या हातात काहीच उरत नाही. ज्यांनी तुम्हाला एसटीच्या खिडकीतून आत घालून जागा धरायला शिकवले, ती माणसे स्वतःच्या प्रवासात सामानासारखी होतात. एक व्हिडिओ कॉल याच कामासाठी करा. कागद त्यांच्या हातात द्या आणि त्यांनाच वाचायला लावा : कधी निघायचे, कुठे उतरायचे, कुणाला विचारायचे. जिथे अडखळतील तिथे मराठीत लिहून द्या. अर्ध्या तासाचे हे काम रक्तदाबाच्या एखाद्या गोळीइतके मोलाचे ठरते, असा माझा अनुभव आहे.

आणि ज्येष्ठ वाचकांनो, निघण्याच्या आदल्या संध्याकाळी चष्मा लावून, चहा घेत, तो पहिला कागद एकदा मोठ्याने वाचून काढा. पत्नीने वाचला असेल तर यजमानांनीही वाचावा. काही कळले नाही तर त्याच वेळी फोन करून विचारा. मग कागद पासपोर्टमध्ये ठेवा आणि स्वस्थ झोपा. प्रवास सुखाचा होवो.